अमृतांजनाचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. घरगुती औषधांच्या बाबतीतही आपण बहुधा हाच संकेत पाळत आलो आहोत. डोके दुखू लागले की कपाळावर चोळायचे ते पिवळे मलम कोणी, कोठे आणि कशासाठी तयार केले, हे विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ते आजीच्या उशाशी होते. म्हणजे तिच्या आजीच्याही उशाशी असणार, असे गृहीत धरून आपण मोकळे होतो. ‘आजीचा बटवा’ या शब्दप्रयोगाने सुंठ, वेखंड, ओवा, जायफळ यांच्या जोडीला अमृतांजनाच्या बाटलीलाही केव्हा पोटात घेतले, हे आपल्या ध्यानातही आले नाही.

वस्तुतः या बाटलीला जन्मवर्ष आहे, जन्मगाव आहे आणि जन्मदाताही आहे. वर्ष १८९३, गाव मुंबई, आणि जन्मदाते काशीनाथुनि नागेश्वरराव पंतुलु हे कृष्णा जिल्ह्यातून आलेले तेलुगू गृहस्थ. वेखंडाला किंवा सुंठीला असा जन्मदाखला नाही. ज्या वस्तूला तो आहे ती वस्तू परंपरेच्या ओटीत इतक्या सहज कशी जाऊन बसली, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना हाती लागते ते थोडे विपरीत आहे. जे औषध आज आपण आजीचे म्हणून ओळखतो, ते ज्या शहरात जन्मले त्या शहरात बहुसंख्य माणसांजवळ आजी नव्हती. किंबहुना ती नव्हती म्हणूनच अशा औषधाला तेथे गिऱ्हाईक होते.

हे नीट समजण्यासाठी आधीचा उपचार कसा होता, ते आठवून पाहावे लागते. डोके दुखले तर सुंठ सहाणेवर उगाळून तिचा लेप कपाळावर द्यायचा. तो वाळला, ताणू लागला, की थोडे पाणी लावायचे. उष्णतेने दुखत असेल तर चंदन. सर्दीने छाती भरली असेल तर ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी बांधायची आणि तिने शेकायचे. पडशाला वेखंड. या सर्व उपचारांत तीन गोष्टी समान आहेत. वस्तू बहुधा स्वयंपाकघरातली, फार तर काष्ठौषधीच्या दुकानातली. ती तयार करायला सहाण, चूल, तवा आणि वेळ लागतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती तयार करणारे एक माणूस घरात लागते. कोणती सुंठ, किती उगाळायची, कोणत्या दुखण्याला लेप आणि कोणत्याला शेक, हे ज्ञान त्या माणसाच्या हातात असते. आपण त्याला आजीचा बटवा म्हणतो. पण बटवा हा त्यातला सर्वांत गौण भाग. खरे औषध होते ते आजीचे हात आणि तिची फुरसत.

आता हे चित्र १८९०च्या दशकातल्या मुंबईत नेऊन ठेवून पाहावे. १८९१च्या खानेसुमारीनुसार शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती, आणि हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, निजामाच्या मुलखातून माणसे येत होती ती एकेकटी. बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी राहत. गिरणीतला कामगार एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राही, खाणावळीत जेवी, आणि पाळीची वेळ चुकली तर मजुरीला मुके. गिरणीतला आवाज, कापसाची धूळ, कोंदट हवा यांनी डोके दुखणे हे नित्याचेच. पेढ्यांमधल्या कारकुनांची अवस्था कपड्यांपुरती निराळी. दिव्याच्या उजेडात आकडेमोड करणाऱ्यालाही संध्याकाळी कपाळ दाबून धरावेसे वाटे. या माणसाला सुंठ दोन पैशांना मिळाली असती. पण ती उगाळणार कोण? आणि लेप वाळेपर्यंत पडून राहायला वेळ कोठला?

अशा माणसाला हवे होते ते आयते तयार, खिशात मावणारे, एका बोटाने लावता येणारे, आणि लावून लगेच कामाला लागता येईल असे काही. नागेश्वररावांचे मलम नेमके असे होते.

नागेश्वरराव स्वतःही याच स्थलांतरितांपैकी एक होते. त्यांचा जन्म १८६७चा. शिक्षण मच्छलीपट्टणम आणि मग मद्रासचे ख्रिश्चन कॉलेज. आंध्रातले थोर सुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांच्या लेखनाचा त्यांच्यावर विद्यार्थिदशेतच परिणाम झाला होता. नोकरी-व्यवसायाच्या शोधात ते मद्रासहून कलकत्त्याला गेले, तेथे औषधांच्या व्यापाराशी त्यांचा संबंध आला, आणि नंतर मुंबईत येऊन एका युरोपीय पेढीत काम करू लागले. म्हणजे इलाख्यांच्या तिन्ही राजधान्या या माणसाने पोटासाठी पालथ्या घातल्या होत्या, आणि औषध हा माल म्हणून कसा विकला जातो ते जवळून पाहिले होते. १८९३मध्ये त्यांनी स्वतःचे अमृतांजन बाजारात आणले. गाण्याच्या बैठकींना जमलेल्या श्रोत्यांत ते फुकट वाटून त्यांनी त्याची ओळख करून दिली, असे सांगितले जाते. यात व्यापारी चातुर्य तर आहेच, पण शहराची पारखही आहे. एकट्या माणसांच्या त्या शहरात बैठक, नाटक, कीर्तन याच माणसे एकत्र येण्याच्या जागा होत्या. एकाने कपाळाला लावले की त्याचा वास चार जणांपर्यंत आपोआप पोहोचतो. निराळी दवंडी पिटावी लागत नाही.

मुंबईत तेलुगू माणूस त्या काळी नवा नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. कामाठीपुरा हे नावच मुळी निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू भाषक कामाठी मजुरांवरून पडले. शहरातल्या कितीतरी इमारती, रस्ते आणि गिरण्या त्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या. गिरण्यांतून पद्मशाली विणकर होते. व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू यांच्यासारखे तेलुगू कंत्राटदार महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक कार्यात त्यांचे सहकारी होते. मराठी समाजाच्या इतिहासातला एक मोठा अध्याय घडत असताना ही तेलुगू माणसे त्याच्या आत होती, बाहेर नव्हती. नागेश्वरराव त्यांच्याहून निराळ्या वर्गातले, इंग्रजी शिकलेले ब्राह्मण. पण मुंबईने त्यांना जे दिले ते याच बहुभाषी शहराने दिले.

अमृतांजनाच्या जन्मवर्षाकडे आता जरा दुसऱ्या बाजूने पाहू. १८९४मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटा गावी अल्बर्ट हाइड या व्यापाऱ्याने ‘मेंथोलेटम’ नावाचे मलम काढले. त्याच दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो येथे लन्सफर्ड रिचर्डसन हा औषधविक्रेता ज्या मलमाच्या खटपटीत होता, ते पुढे ‘व्हिक्स’ म्हणून जगभर गेले. पॅरिसच्या डॉ. बेंग्वे यांचे दुखण्यावरचे मलम याच दशकात अमेरिकेत पोहोचले आणि ‘बेनगे’ झाले. रंगूनमध्ये ऑ चू किन नावाच्या चिनी वैद्याचे दुकान १८७०च्या दशकापासून होते. त्याच्या मुलांनी त्याच दुकानातून ‘टायगर बाम’ जगापुढे आणला. पृथ्वीच्या चार कोपऱ्यांतल्या माणसांना एकाच सुमारास तीच गोष्ट सुचावी, हा योगायोग मानता येत नाही.

याचे कारण बाटलीच्या आत आहे. या कुळातल्या मलमांचे प्रमुख घटक ठरलेले: पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरीचे तेल, गंधपुऱ्याचे म्हणजे विंटरग्रीनचे तेल. यांपैकी कापूर आपल्याला प्राचीन काळापासून ठाऊक आहे, पण तोही पूर्वेकडच्या बेटांतून आणि चीन-जपानकडून येणारा माल होता. मेंथॉलचे स्फटिक जपानी पुदिन्यातून निघत. जपानने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली बंदरे खुली केल्यावर ते मोठ्या प्रमाणात जगाच्या बाजारात येऊ लागले. निलगिरी हा मुळात ऑस्ट्रेलियातला वृक्ष. तिकडे १८५०च्या दशकात त्याचे तेल गाळण्याचा धंदा सुरू झाला, आणि दक्षिणेतल्या निलगिरी पर्वतावर त्याची लागवड १८४३पासूनची. मराठीत त्या झाडाला डोंगराचेच नाव मिळाले, म्हणून ते आपल्याला इथले वाटते. शब्दाने झाडाचे परकेपण किती बेमालूम पुसून टाकावे याचे हे एक उदाहरण. गंधपुऱ्याच्या तेलातले मुख्य द्रव्य शतकाच्या अखेरीस कारखान्यात कृत्रिमरीत्याही तयार होऊ लागले होते. आणि हे सारे ज्यात कालवायचे ते न नासणारे खनिज मेण? व्हॅसलिनचे अमेरिकन पेटंट १८७२चे आहे. तूप किंवा तिळाचे तेल कालांतराने खवट होते. खनिज मेणातले मलम वर्ष-दोन वर्षे टिकते आणि आगगाडीने कोठेही धाडता येते.

म्हणजे जपानचा पुदिना, ऑस्ट्रेलियाचे झाड, पूर्वेचा कापूर आणि पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींतून निघालेले मेण यांचा संगम १८९०च्या आधी होणे कठीण होते. आणि तो होण्यासाठी बंदर लागते, आगगाडी लागते, पेढ्या लागतात, बाटल्यांचा आणि छपाईचा व्यवसाय लागतो. हे सर्व ज्या मोजक्या शहरांत एका ठिकाणी होते, त्यांत मुंबई होती. अमृतांजन मुंबईचे आहे ते या अर्थाने. त्यातली एकही वनस्पती मुंबईच्या मातीतली नसेल. पण ते ज्या गरजेतून आणि ज्या साधनांतून निपजले, ती दोन्ही अस्सल त्या शहराची होती.

मग ते ‘देशी’ झाले कसे? मला वाटते, प्रथम नावाने. ‘अमृत’ हा शब्द लाहोरपासून मद्रासपर्यंत कोणालाही समजावून सांगावा लागत नाही; समुद्रमंथनातून अमृताचा कलश घेऊन आलेला धन्वंतरी हाच तर वैद्यकाचा आद्य देव. ‘अंजन’ म्हणजे डोळ्यांत घालायचे, आणि धातूच्या मूळ अर्थाने माखायचे, लावायचे. दोन्ही शब्द संस्कृत. म्हणून मराठी, तेलुगू, गुजराती, कानडी, बंगाली अशा प्रत्येक भाषेला ते आपले वाटावेत. इंग्रजी ‘बाम’ हा प्रकार आणि संस्कृत नाव ही जोडी त्या पिढीच्या साऱ्या उद्योगांचीच खूण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरहून ‘अमृतधारा’ आली. १९१०मध्ये मुंबईत झंडू फार्मास्युटिकल वर्क्सची स्थापना झाली. त्यात झंडू हे जामनगरच्या वैद्याचे नाव आणि फार्मास्युटिकल वर्क्स ही विलायती शब्दकळा. ही माणसे पाश्चात्त्य औषधांना नाके मुरडत नव्हती आणि त्यांच्यापुढे मानही तुकवत नव्हती. त्यांच्या साधनांनी आपल्या नावाचा माल करीत होती.

या दुहेरीपणाची नोंद पुढे कायद्यातही झाली. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या १९४०च्या कायद्यात १९६४मध्ये आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यात दोन प्रकार केलेले आहेत: ग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणे केलेली औषधे, आणि घटक ग्रंथांतले पण मिश्रण उत्पादकाचे स्वतःचे अशी ‘प्रोप्रायटरी’ औषधे. अमृतांजन विकले जाते ते दुसऱ्या प्रकारात. म्हणजे ज्याला आपण परंपरेचे समजतो, त्याच्या वेष्टनावरच ते कोणा एकाच्या मालकीचे मिश्रण असल्याचे लिहिलेले असते. फक्त डोके दुखत असताना वेष्टन वाचायची कोणाची इच्छा नसते.

आता या कथेतला मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा भाग. १९०७मध्ये सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि जहाल-मवाळांच्या भांडणात मोडले. नागेश्वरराव त्या अधिवेशनाला गेले होते. आपल्या भाषेतल्या माणसांपर्यंत हे राजकारण पोहोचवणारे पत्र हवे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९०८मध्ये त्यांनी ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले. कोठे? मुंबईत. तेलुगू वृत्तपत्रसृष्टीतले एक अग्रगण्य पत्र आंध्रात न निघता मुंबईत निघाले, आणि ते ज्या पैशावर निघाले तो एका मलमाचा होता. १९१४मध्ये ते मद्रासला जाऊन दैनिक झाले. मलमाचा कारभारही पुढे तेथेच स्थिरावला. १९२४मध्ये त्यांनी ‘भारती’ हे वाङ्मयीन मासिक काढले. जुने ग्रंथ स्वस्त किमतीत छापणारी ग्रंथमाला चालवली. ग्रंथालय चळवळीला हात दिला. कोमर्राजू लक्ष्मणराव यांनी आरंभलेला तेलुगू विश्वकोश त्यांच्या १९२३मधील निधनाने अर्धवट राहिला होता, तोही नागेश्वररावांनी पुढे नेण्याची खटपट केली. हे लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे आणि तेलुगूत शिवचरित्र लिहिणारे. इकडे डॉ. केतकर याच काळात ज्ञानकोशासाठी भागधारक गोळा करीत हिंडत होते, हे आठवले म्हणजे दोन्ही भाषांची तेव्हाची भूक एकच होती हे जाणवते. केतकरांच्या पाठीशी मलमाचा कारखाना नव्हता, एवढेच.

मलम आणि वर्तमानपत्र यांचे हे नाते अपघाती नाही. ज्या वस्तूची गरज माणसाला रोज नसते, पण आठवण रोज राहायला हवी, तिला जाहिरातीवाचून गती नाही. आणि देशी वृत्तपत्रांना वर्गणीवर जगणे अवघड, म्हणून त्यांची मदार बरीचशी औषधांच्या जाहिरातींवर. मलमाच्या मालकाने स्वतःच पत्र काढले की दोन्ही प्रश्न एकत्र सुटतात. टायगर बामच्या ऑ बून हॉने तेच केले: १९२९मध्ये सिंगापुरात आणि १९३८मध्ये हाँगकाँगमध्ये त्याने चिनी दैनिके सुरू केली. तथापि नागेश्वररावांच्या बाबतीत हिशेब एवढ्यावर थांबत नाही. ते आंध्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, लोकांनी त्यांना ‘देशोद्धारक’ म्हटले. १९३७च्या नोव्हेंबरमध्ये किनारी आंध्र आणि रायलसीमा येथील पुढाऱ्यांत स्वतंत्र आंध्र प्रांतासाठी जो समझोता झाला, तो मद्रासमधल्या त्यांच्या ‘श्रीबाग’ या घरी झाला आणि श्रीबाग करार म्हणूनच प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी, १९३८मध्ये, ते वारले. १९५२मध्ये पोट्टी श्रीरामुलूंनी प्राण दिले आणि १९५३मध्ये आंध्र राज्य झाले. त्या राज्याने भाषावार प्रांतरचनेचा दरवाजा उघडला. त्याच दरवाजातून, १०५-१०६ हुतात्म्यांचे मोल देऊन, १९६०मध्ये मुंबईसह महाराष्ट्र बाहेर आला.

या साखळीकडे पाहताना मन थोडे थबकते. मुंबईतल्या थकल्या कपाळांनी ज्या बाटलीचे पैसे दिले, त्यांतले काही एका तेलुगू वृत्तपत्रात गेले. त्या वृत्तपत्राने तेलुगू भाषकांत ‘आपण एक आहोत’ ही जाणीव रुजवायला मदत केली. त्या जाणिवेतून जे राज्य झाले, त्याच्या उदाहरणाने मराठी राज्याचा दावा बळकट झाला. यात कोणी कोणावर उपकार केले असे नाही. इतिहास असा सरळ व्यवहार ठेवत नाही. पण मुंबई कोणाची, या प्रश्नावर आपण जेव्हा आवाज चढवतो, तेव्हा या शहराने आपल्या भाषेखेरीज आणखी एका भाषेचे सार्वजनिक जीवन पोसले होते, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नसावी. त्याने मराठीचा दावा उणा होत नाही. उलट ज्या शहरावर आपण हक्क सांगतो ते किती मोठे होते, हे कळते.

मात्र आपण ते लक्षात ठेवले नाही. मद्रासच्या मैलापूर भागात नागेश्वररावांच्या नावाचे उद्यान आहे. मुंबईतल्या वाचकाला त्यांचे नाव विचारले तर बहुधा उत्तर मिळणार नाही. महाराष्ट्राने अमृतांजनाची एकच खूण ठेवली होती, आणि तीही नकळत. बोरघाटात खंडाळ्याजवळ इंग्रजी अमदानीतला एक जुना दगडी पूल होता. त्या जागी अमृतांजनाच्या जाहिरातीचा मोठा फलक असे, म्हणून पुलाला नाव पडले ‘अमृतांजन पूल’. इंग्रजांनी बांधलेला पूल, तेलुगू माणसाचे मलम, संस्कृत शब्द, आणि हे सारे एकत्र करून नाव ठेवणारे मराठी ट्रकवाले आणि एसटीचे प्रवासी. मुंबईहून मद्रासला जाणारा लोहमार्गही याच घाटातून वर चढतो. द्रुतगती मार्ग झाल्यावर पुलाचे खांब वाहतुकीला अडसर ठरू लागले, आणि एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडलेला असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. वाहतूक खोळंबल्याच्या बातमीत ‘अमृतांजन पुलाजवळ’ हे शब्द त्यानंतरही येत राहिले. फलक गेला, पूल गेला, नाव उरले.

शेवटी औषधाविषयी. हे मलम खरोखर काही करते का, असा प्रश्न कोणी विचारला तर आज त्याचे उत्तर पूर्वीपेक्षा नेमके देता येते. मेंथॉल त्वचेला गार करीत नाही. थंडीची वर्दी मेंदूला देणारी जी प्रथिने त्वचेतल्या मज्जातंतूंवर असतात, त्यांपैकी एकाला ते चेतवते, आणि मेंदूला गारवा भासतो. हे प्रथिन २००२मध्ये सापडले, आणि उष्णता, थंडी व स्पर्श यांच्या अशा संवेदकांवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापौटियन यांना २०२१चे नोबेल मिळाले. १९९६मध्ये ऑस्ट्रेलियात टायगर बामची आणि जर्मनीत पुदिन्याच्या तेलाची ताणाने होणाऱ्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलशी तुलना करून पाहिली गेली; दोन्ही ठिकाणी कपाळावर लावायचे औषध गोळीच्या तोडीचे ठरले. दुखण्याचे कारण मात्र ते दूर करीत नाही. तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आणि कापूर असलेले कोणतेही मलम दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी किंवा छातीला लावू नये, तसेच कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नये, कारण कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. ‘आजीचे औषध, त्याने काय व्हायचे’ हे वाक्य येथे धोक्याचे आहे. वस्तू परंपरेची मानली की तिचे वेष्टन वाचायचे राहते, हा त्या मानण्याचा खरा तोटा.

तरीही आजीला यातून वगळावे असे मला म्हणायचे नाही. गिरणगावातल्या त्या एकट्या माणसांनी हळूहळू बिऱ्हाडे केली, गावाहून कुटुंब आणले. सहाण आली, पण चाळीच्या खोलीत ती उगाळायला सवड नव्हती. बाटली फळीवर आधीच होती. गावी परतणाऱ्याने ती पिशवीतून नेली आणि म्हाताऱ्या आईच्या हाती दिली. म्हातारीने ती उशाशी ठेवली, आणि नातवाचे डोके दुखले तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बोटाने कपाळावर चोळली. नातवाला आठवतो तो वास आणि तो हात. बाटलीवर कोणाचे नाव होते ते त्याने पाहिले नाही. एका पिढीत विकत घेतलेली वस्तू तिसऱ्या पिढीत वारसा झाली. परंपरा बहुधा अशीच तयार होत असावी: वस्तू बाजारातून येते, आणि तिला जुनेपण येते ते ती लावणाऱ्या हातामुळे. नदीचे मूळ शोधल्याने तिचे पाणी काही आटत नाही. ते कोणकोणत्या मुलखांतून वाहत आपल्यापर्यंत आले, एवढे मात्र कळते.